‘तूप ओतण्यापलीकडे’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

‘म्हातारपणचा मोतीबिंदू आणि नेत्रतर्पण’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. (नेत्रतर्पण म्हणजे औषधी तूप काही वेळ डोळ्यावर धरून ठेवण्याचा आयुर्वेदिक उपचार.) “डोळ्यात तूप ओतण्यापलीकडे आयुर्वेदाने मोतीबिंदूसाठी काय केलं? चाचण्या दाखवा, नाहीतर दुकान बंद करा.” आयुर्वेद लोकांना शस्त्रक्रियेपासून अडवतो, तुमच्या मावशींचं ऑपरेशनही एका वैद्यामुळे लांबलं, असंही तुम्ही लिहिलंय. मतभेदाला माझी हरकत नाही. पण ज्या बाईला तुम्ही ओळखतही नाही, तिच्या दवाखान्याला दुकान म्हणायचं, हा काय प्रकार? तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना हे तोंडावर म्हणाल का?

एक मुद्दा मान्य. तर्पण घरी करू नये, ही सूचना लेखाच्या शेवटी होती, ती वर हवी होती. घरातल्या बरणीतलं तूप डोळ्यात घालणं धोक्याचंच.

आता ‘ओतण्या’विषयी. रुग्णाला वारा-ऊन नसलेल्या खोलीत उताणं झोपवतात. डोळ्याभोवती उडदाच्या पिठाची दोन अंगुळं उंच पाळ बांधतात. ती कुठे गळत नाही ना, हे बोट फिरवून बघावं लागतं. त्रिफळा घृत, म्हणजे त्रिफळ्याने सिद्ध केलेलं तूप, गरम पाण्यावर धरून पातळ करतात आणि पापण्यांचे केस बुडेपर्यंतच भरतात. मग रुग्णाने सावकाश डोळा उघडायचा, मिटायचा. किती वेळ, तेही ठरलेलं आहे. एवढी निगुती ज्यात आहे, त्याला तुम्ही एका शब्दात उडवून लावता.

आणि ‘पलीकडे’ काय, तेही सांगते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्र या शेवटच्या भागाचा 17वा अध्याय उघडा. कफज लिंगनाशावर, म्हणजे आजच्या भाषेत मोतीबिंदूवर, तिथे औषध नाही, शस्त्र सांगितलंय. तांब्याची, लोखंडाची किंवा सोन्याची आठ अंगुळं लांब शलाका, म्हणजे सळई, टोक जवासारखं, मधे दोरा गुंडाळलेला. रुग्णाने नजर स्वतःच्या नाकाकडे ठेवायची. उजवा डोळा डाव्या हाताने वेधायचा, डावा उजव्या हाताने. नंतर तुपाची पट्टी, उताणं निजणं, आणि शिंक, खोकला, ढेकर सगळं वर्ज्य. त्या काळी डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग आत ढकलून दृष्टीची वाट मोकळी करत. कृत्रिम भिंग बसवलं ते हॅरॉल्ड रिडली यांनी, 1949 साली, लंडनमध्ये. त्यांचं श्रेय मी कधीच नाकारलं नाही. पण जे शास्त्र स्वतःच शस्त्राकडे बोट दाखवतं, ते लोकांना शस्त्रक्रियेपासून अडवतं असं म्हणायला निदान एकदा ते वाचायला हवं ना?

लेखात मी कुठेही ‘मोतीबिंदू विरघळतो’ असं लिहिलेलं नाही. पुन्हा वाचा. तर्पणाने डोळ्यांची चुरचुर, कोरडेपणा, थकवा कमी होतो, हा माझ्या रुग्णांमधला अनुभव आहे, तेवढंच लिहिलंय. माझे आजोबा वैद्य. स्वतः त्रिफळा घृत सिद्ध करायचे, पण बुबुळामागे पांढरं दिसू लागलं की रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी मिरजेला पाठवायचे. माझ्या वडिलांची फेको, म्हणजे मोतीबिंदूची आधुनिक शस्त्रक्रिया, झाली तेव्हा त्यांना घेऊन मीच गेले होते, थेंबही मीच घालत होते. असं दुकान असतं का?

चाचण्यांचं म्हणाल, तर तो विषय इथे मावणारा नाही. फक्त एवढंच: अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत क आणि ई जीवनसत्त्वं नि बीटा कॅरोटीन देऊनही मोतीबिंदूत फरक पडला नाही, हे 2001 सालीच छापून आलंय. मोतीबिंदू लांबावा म्हणून त्याच गोळ्या घेणाऱ्यांना तुम्ही कधी हटकलंय का? बाकी ‘भोंदू’ वगैरे विशेषणांना मी उत्तर देत नाही.

राहता राहिल्या तुमच्या मावशी, ज्यांनी कुणा वैद्याच्या सांगण्यावरून ऑपरेशन लांबवलं. त्या वैद्याची बाजू मी घेणार नाही. मोतीबिंदू फार पिकला की डोळ्यातला दाब वाढू शकतो. मावशींचा डोळा लाल झाला असेल, दुखत असेल, डोकं धरत असेल किंवा उलटीची भावना होत असेल, तर माझ्याशी वाद घालत बसू नका. आजच्या आज त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्या.