रस्ता एकट्या गाडीवाल्यांचा नाही

सोलापूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: रोड टॅक्स गाडीवाले भरतात, सायकलवाले आणि पायी जाणारे रस्ता फुकट वापरतात. फूटपाथ असूनही लोक रस्त्यावरून चालतात. अपघात त्यांच्यामुळेच होतात. आणि आता सायकल चालवतोच कोण? हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत माझ्या ओळखीची भली माणसंही आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी टॅक्सचं बघू. दुचाकी घेताना आपण एकदाच भरतो तो कर राज्य सरकारच्या तिजोरीत जातो. नवी पेठेतला किंवा जुळे सोलापुरातला गल्लीबोळातला रस्ता करते महापालिका. तिचा पैसा येतो मिळकत करातून आणि सरकारी अनुदानातून. मिळकत कर घर असलेला प्रत्येकजण भरतो, दारात गाडी असो वा नसो. भाडेकरूच्या भाड्यातही तो असतोच. सायकल विकत घेणाराही जीएसटी भरतो. सप्टेंबर २०२५ पर्यंत तो १२ टक्के होता, आता ५ आहे. शिवाय रस्ता खराब करतं कोण? चाकावरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज साधारण सोळा पट होते, हे रस्ते बांधणाऱ्या इंजिनिअरांना कित्येक दशकांपासून माहीत आहे. शहरातून जाणाऱ्या जड वाहतुकीपुढे सायकलीचं वजन हिशेबात धरण्याएवढंही नाही.

‘फूटपाथ असूनही’ या शब्दांवर मात्र थांबायला हवं. फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, असं इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. टिळक चौक ते मधला मारुती चालून पाहा. कुठे दुकानाच्या पायऱ्या पुढे आलेल्या, कुठे विजेची डीपी, कुठे पाटी, आणि जिथे जरा जागा उरली तिथे स्टँडवर लावलेल्या मोटारसायकली. मध्येच फूटपाथ संपतो, पुन्हा चढायचा तर पायरी गुडघ्याएवढी. नऊवारीतल्या आजीनं ती कशी चढायची? मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे गेला की माणूस सावलीच्या कडेनं चालणारच. बाई लेकराला कडेवर घेऊन रस्त्यावर उतरते ती हौसेनं उतरत नाही. मागून हॉर्न देत ‘कडेनं चाल की बे!’ म्हणणाऱ्याची स्वतःची गाडी बऱ्याचदा त्याच फूटपाथवर लावलेली असते. तिथे गाडी लावणं हा वाहन चालवण्याच्या २०१७ च्या नियमांचा भंग आहे. आणि अडथळा नसलेला फूटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच, म्हणजे घटनेच्या कलम २१ चा भाग असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये स्पष्ट केलंय.

अपघातांचं काय? २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात ३२,८२५ पायी चालणारी आणि ४,८३६ सायकलवाली होती. त्याच वर्षी दहांतल्या सात मृत्यूंमागे अतिवेग होता, असं केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. पायी चालणारा चुकला तरी त्या चुकीनं समोरचा सहसा मरत नाही.

सायकल चालवतो कोण? पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे जाणारा रस्ता बघा. यंत्रमागाची पाळी धरणारे कामगार, हँडलला डबा अडकवलेला. पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बाया तयार माल टोपलीत घेऊन कारखान्यावर पायीच जातात. त्यांच्या हातात हा मेसेज पोचतही नाही. शहर चालतं ते यांच्या कष्टावर, आणि त्यांनाच आपण फुकटे म्हणतोय, याचा मला राग येतो.

मेसेजमधली एक तक्रार खरी आहे: काही सायकलवाले उलट्या बाजूनं येतात, फूटपाथवर सायकल दामटतात. त्याचा त्रास पहिल्यांदा होतो तो वयस्कर माणसांना. पोलिसांनी अशा सायकलवाल्यांनाही अडवावं, माझी काही हरकत नाही. फक्त सुरुवात फूटपाथवर लावलेल्या गाड्यांपासून व्हावी, कारण त्या उचलल्याशिवाय पायी चालणाऱ्याला कडेला जा म्हणायची सोयच नाही. पुढच्या वेळी मेसेज फॉरवर्ड करण्याऐवजी अशा गाडीचा, नंबर दिसेल असा फोटो वाहतूक पोलिसांना पाठवा.