शांत आहे, काही त्रास नाही

आज पोरीच्या शाळेत पालकसभा होती. सहावीत आहे ती. अर्ध्या दिवसाची रजा टाकली, पाऊण तास रांगेत उभा राहिलो आणि नंबर आल्यावर मॅडमनी रजिस्टर बघून सांगितलं काय, तर "तुमची मुलगी अगदी शांत आहे हो, तिचा काही त्रास नाही." मग म्हणाल्या, "फक्त खेळाच्या नादात अभ्यास मागं पडू देऊ नका." माझी पोरगी खेळत नाही. जरा मैदानावर जा म्हणून सांगून सांगून आम्ही दोघं दमलोय. तिच्या नावाच्या वर्गात तिघी आहेत, खेळणारी ती दुसरीच. मी तसं म्हटल्यावर मॅडम बिचाऱ्या कावऱ्याबावऱ्या झाल्या, सॉरी म्हणाल्या, परत पानं उलटली आणि परत तेच, "हां हां, ही होय, ही पण शांतच आहे."

शाळा सुरू होऊन पाच महिने झालेत. पाच महिने!

शाळेचं नाव लिहिणार नाही, कुणी विचारू पण नका. आणि मॅडमवर राग नाही हे आधीच सांगतो. त्यांच्या वर्गात 62 पोरं आहेत. शिवाय दुसऱ्या दोन तुकड्यांना त्याच गणित शिकवतात. म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे चेहरे, पावणेदोनशे वह्या, आणि वर ते ऑनलाइन माहिती भरायचं काम संपता संपत नाही. त्यांना माझ्या पोरीचा चेहरा आठवला नाही तर त्यात त्यांचा काय दोष? माझा राग आहे तो "शांत आहे, काही त्रास नाही" ह्या वाक्यावर. कारण हे वाक्य मी आधी ऐकलंय. माझ्याबद्दल.

1994 साली मी सातवीत होतो. वर्गात आम्ही 71 पोरं. आमच्या वडलांना पण तेव्हाच्या बाईंनी हेच सांगितलेलं, "पोरगा शांत आहे, काही त्रास नाही, जरा आळशी आहे तेवढंच." आळशी का, तर फळ्यावरचं उतरवून घ्यायला मला वेळ लागायचा, अर्धं राहून जायचं. घरी मार खाल्ला त्यावरून. खरी गोष्ट अशी होती की मला फळा दिसतच नव्हता. पाचव्या बाकावरनं फळ्यावर नुसती पांढरी धूळ दिसायची. आणि मला वाटायचं सगळ्यांना तसंच दिसतंय, बाकीची पोरं हुशार आहेत म्हणून त्यांना त्यातनं अक्षरं ओळखू येतात. हसू नका, बारा वर्षांच्या पोराला दुसऱ्याच्या डोळ्यातनं बघता येत नाही.

दोन वर्षं कुणाला कळलं नाही. 71 पोरांच्यात कळणार कसं?

मग दिवाळीनंतर आम्हाला गणिताला एक नवीन सर आले. त्यांनी पहिल्या आठवड्यात वर्गाचे आठ गट पाडले. रोल नंबरप्रमाणं नाही, मार्काप्रमाणं तर नाहीच. प्रत्येक गटात कुठल्यातरी वेगळ्या पेठेतला, वेगळ्या घरातला एकेक पोरगा. मधल्या सुट्टीनंतरचा तास गट करून बसायचं, वर्गात जागा नव्हती म्हणून आमचा गट जिन्याच्या पायऱ्यांवर. नियम एकच, गणित सुटलं की सरांकडं पळत यायचं नाही, आधी गटातल्या एकाला समजावून सांगायचं, आणि त्याला कळलं की त्यानं येऊन सरांना सांगायचं. सर एकेका गटाजवळ येऊन पायरीवर बसायचे, पाच-दहा मिनिटं, खिशात एक छोटी वही, त्यात काहीतरी लिहायचे.

आमच्या गटात एक पोरगा होता, त्याचे वडील गुळाच्या बाजारात हमाल. तो इथं फ्रेंडलिस्टमध्ये आहे, नाव लिहिलेलं आवडणार नाही त्याला. वर्गात तो "ढ" म्हणून प्रसिद्ध. आणि पायरीवर बसल्यावर कळलं की ह्याला अपूर्णांक तोंडपाठ! त्यानं खडूनं पायरीवर गुळाचा रवा म्हणजे ढेप काढली, 30 किलोची, आणि म्हणाला ह्याचा पाव साडेसात, अर्ध्याचा पाव पावणेचार, आता तू सांग पाऊण किती. दोन वर्षं वर्गात कुणी त्याला गुळाच्या भाषेत विचारलंच नव्हतं. छेद आणि अंश म्हटलं की तो गप्प, रवा म्हटलं की सुसाट.

आणि ह्याच पोरानं मला पकडलं. चौथ्या दिवशी. सरांनी फळ्यावर लिहिलेलं गणित गटात उतरवून घ्यायचं होतं, आणि तो एकदम म्हणाला, "लेका तू फळा बघतच न्हाईस की. माझी वही बघतोस." मी म्हटलं बघतोय की. तर म्हणाला, "मग सांग तिसऱ्या ओळीत काय हाय?" मला सांगता येईना. तो उठला तो थेट सरांकडं गेला, "सर, ह्याला दिसत न्हाई." चौथ्या दिवशी!! जे दोन वर्षं बाईंना कळलं नाही, आईबापाला कळलं नाही, ते नऊ जणांच्या गटात चार दिवसांत एका हमालाच्या पोराला कळलं. त्याच आठवड्यात वडील मला कोल्हापूरच्या सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात घेऊन गेले, अडीच नंबर निघाला. चष्मा घालून महाद्वार रोडनं चालताना दुकानांच्या पाट्या वाचत होतो मी मोठ्यानं, आणि वडील काही बोलत नव्हते. त्यांनी मारलेलं त्यांना आठवत असणार.

आता मला सांगा, त्या बाई वाईट होत्या का? नव्हत्या. 71 पोरांत जो दंगा करतो तो दिसतो, जो पहिला येतो तो दिसतो, मधला 50 जणांचा पट्टा म्हणजे नुसती हजेरी.

आणि आपण अजून तिथंच आहोत. 2009 चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो पहिली ते पाचवीला 30 पोरांमागं एक शिक्षक, सहावी ते आठवीला 35 मागं एक. कागदावर. आणि आपण पालक काय करतो, ज्या शाळेच्या गेटवर सगळ्यात जास्त रिक्षा त्या शाळेत ॲडमिशनसाठी वशिला लावतो. "आमच्या शाळेत चार हजार मुलं आहेत" हे शाळेवाले अभिमानानं सांगतात आणि आपण पण अभिमानानं ऐकतो. अरे चार हजार पोरं ही काय जत्रा आहे का? फी भरून आपण पोराला 62 जणांच्या वर्गात घालतो, मग 40 जणांच्या क्लासला घालतो, मग वाटतं ह्याला आत्मविश्वास का नाही.

दुसरीकडं बघा. शाहूवाडी, गगनबावडा, चंदगड, भुदरगडच्या वाड्यांवर बारा-पंधरा पोरांच्या शाळा आहेत जिल्हा परिषदेच्या. त्या ओझं वाटतात. 2023 ला तर 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करायचा विचार सरकारनं काढलाच होता. पावसाळ्यात गगनबावड्यात ओढ्याला पाणी आल्यावर सहा-सात वर्षांचं पोर त्या समूहशाळेत कसं जाणार हा प्रश्न वेगळाच. पण जिथं गुरुजींना प्रत्येक पोराच्या घरात किती म्हशी आहेत ते माहीत असतं ती शाळा परवडत नाही, आणि जिथं मॅडमना पोरीचा चेहरा माहीत नाही ती शाळा नंबर वन. हो, चार पोरांच्या शाळेत खेळायला गडी मिळत नाही, एकाच गुरुजींना चार-चार वर्ग ओढायला लागतात, मान्य आहे. पण मग गुरुजी द्या ना दुसरा. शाळा कशाला उचलता?

जरा जास्तच तापलो. चहा पिऊन आलो.

मला असं म्हणायचंय की छोट्या गटात शिकवायची ही गोष्ट कोल्हापूरला कुणी शिकवायला नको. आपल्या तालमीत काय असतं? गंगावेश घ्या, शाहूपुरी घ्या, मोतीबाग घ्या. वस्तादाला माहीत असतं कुणाचा गुडघा दुखतोय, कुणी काल दूध प्यायलं नाही, कुणाच्या घरी भांडण झालंय म्हणून जोर कमी मारतोय. जोडीदार ठरलेला असतो, थोरला पैलवान धाकट्याला डाव दाखवतो, आणि धाकटा चुकला की त्याच लाल मातीत तिथल्या तिथं परत. कुठला वस्ताद 62 जणांना रांगेत बसवून फळ्यावर धोबीपछाड शिकवतो?

आणि शाहू महाराजांनी तरी काय केलं? 1917 ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण केलं ते सगळ्यांना माहितीय, पण त्याच्या आधी 1901 पासून बोर्डिंगं काढली. दसरा चौकात उभं राहिलं तरी दिसतात. खेड्यातलं पोर एकटं शहरात आलं तर बुजून परत जाईल हे महाराजांना कळलं होतं, म्हणून राहायला, जेवायला, बरोबर अभ्यासाला आपली माणसं दिली. आता कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणार की ती बोर्डिंगं जातीजातीची होती. होती. कुंभोजचे भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात होते, अस्पृश्य मानलेल्या पोरांच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आल्यावर अंघोळ करायला नाही म्हणाले म्हणून त्यांना बाहेर काढलं. पण त्याच माणसानं पुढं 1924 ला साताऱ्यात सगळ्या जातीची पोरं एका बोर्डिंगात ठेवली. म्हणून गट पाडताना सगळ्या पेठांची, सगळ्या घरांची पोरं मिसळली पाहिजेत, आमच्या सरांनी केलं तसं. हुशारांचा अ गट आणि ढ पोरांचा ड गट करणार असाल तर नकोच ते.

लीलाताई पाटलांनी 1985 ला ह्याच गावात सृजन आनंद ही शाळा काढली, मराठी माध्यमाची, मुद्दाम छोटी. म्हणजे चाळीस वर्षं झाली, आपल्या डोळ्यासमोर आहे सगळं.

बाहेर पण झालंय हे. अमेरिकेत मोठमोठी हायस्कूलं आतल्या आत फोडली त्यांनी, इमारत तीच ठेवायची पण आत काहीशे पोरांची एकेक छोटी शाळा केल्यासारखं, आणि त्या पोरांना दोन-तीन वर्षं तेच ठरावीक शिक्षक. 2000 च्या आसपास तिथल्या सरकारनं ह्यासाठी वेगळा निधी ठेवला, गेट्स फाउंडेशननं पण भरपूर पैसा घातला. सगळीकडं जमलं नाही, गेट्सवाल्यांनी नंतर हात आखडता घेतला, हे पण खरं. नुसत्या भिंती घालून गट होत नाही. पण न्यूयॉर्कमधल्या छोट्या हायस्कूलांत पास होऊन बाहेर पडणारी पोरं वाढली. मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे एका गटाचे चार-पाच शिक्षक आठवड्यातनं एकदा बसून फक्त पोरांबद्दल बोलतात. सिलॅबसबद्दल नाही, पोरांबद्दल. आमची पोरगी मराठीच्या तासाला भरपूर बोलते हे मला आज मराठीच्या बाईंकडनं कळलं. गणिताला गप्प, मराठीला बडबडी. हे दोन शिक्षक एका टेबलावर बसले तरच कळणार ना की पोरगी शांत नाही, तिचं गणितात काहीतरी अडलंय?

येताना गाडीवर तिला विचारलं, "बाळा, गणिताच्या तासाला हात का वर करत नाहीस?" म्हणाली, "पप्पा, आधी करायची. नंबर येत नाही. मग दुखतो हात." मागं बसली होती, मला तिचा चेहरा दिसत नव्हता. रंकाळ्यापर्यंत काही बोललो नाही मी. वडील महाद्वार रोडवर गप्प होते ते आठवत होतं.

शिक्षक कुठनं आणायचे, पगार कुणी द्यायचा, मला माहितीय हे प्रश्न आहेत. पण आमच्या सरांना कुणी जास्तीचा शिक्षक दिला नव्हता, वर्ग पण दिला नव्हता. जिना होता, खडू होता. 62 पोरांचे आठ गट पाडायला कुठला जीआर लागतो? रोज एका गटाजवळ दहा मिनिटं बसलं तर दीड-दोन आठवड्यात सगळी पोरं होतात. पाचवीच्या वर्गशिक्षिका सातवीपर्यंत त्याच ठेवल्या तर दरवर्षी जूनमध्ये नव्यानं नावं पाठ करायला लागणार नाहीत. एवढं तर करता येतंय की! मॅडमना मी हे बोललो आज. म्हणाल्या, "मला पण आवडेल हो, पण पोर्शन?" खोटं बोलत नव्हत्या, डोळ्यात दिसत होतं. म्हणून मुख्याध्यापकांना पत्र लिहितोय, आणखी पाच-सहा पालकांच्या सह्या मिळाल्या तर बरं होईल. त्या शाळेतले जे आहात त्यांनी इनबॉक्स करा.

संध्याकाळी त्या हमालाच्या पोराला फोन केला. आता त्याचं स्वतःचं गुळाचं दुकान आहे. सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "घिऊन ये की तिला रविवारी. आणि चार-पाच पोरं गोळा कर गल्लीतली. एकटीला न्हाई शिकवणार."

तर रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या गच्चीवर, शिवाजी पेठेत. पाचवी ते सातवीची पोरं, कुठल्याही शाळेची, फी वगैरे काही नाही. सहा नक्की झालीत, अजून तीन चालतील, त्याच्यापुढं घेणार नाही. गूळ तो घेऊन येतोय. कुणाकडं जुनी सतरंजी असली तर सांगा, एक कमी पडतीय.