नवी लाइन येईपर्यंत जुनी मरू देऊ नका

काल आमच्याकडे, छत्रपती संभाजीनगरात, नळाला पाणी येण्याचा दिवस होता. आईने पहाटेच उठून ड्रम घासून ठेवले. सातला कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज आला, पैठण रोडवर १४०० मिमीची पाण्याची लाइन फुटली, आज पाणी येणार नाही. आईने बादली पालथी घातली आणि काही न बोलता आत गेली.

बाहेरगावचे नातेवाईक विचारतात, धरणात पाणी नाही का? अहो, नाथसागर म्हणजे जायकवाडी धरण काठोकाठ भरलेला असला तरी आमचे नळ कोरडेच असतात. शहराला पाणी येतं जायकवाडीहून, तेही चढावर, पंपाने. त्याचा भार वर्षानुवर्षं मुख्यतः दोन जुन्या लाइनींवर राहिला आहे, ७०० मिमी आणि १४०० मिमी व्यासाच्या. वीज गेली की पंप एकदम थांबतात, वर चढणारं पाणी उलटतं आणि त्याचा दणका पाइपला बसतो. झिजलेला जॉइंट तिथेच उघडतो. वेल्डिंग काही तासांत उरकतं, पण मग लाइन भरायची, टाक्या भरायच्या, आणि तोवर सगळ्या भागांचं वेळापत्रक एक दिवस पुढे सरकलेलं असतं. त्यात रिकाम्या पाइपमध्ये फटीतून बाहेरची घाण ओढली जाते. पाणी सुटल्यावर पहिल्या दोन बादल्या गढूळ का येतात, ते यावरून कळेल. ज्याला जार परवडतो तो जार आणतो. बाकीच्यांच्या लेकरांनी काय प्यायचं?

२५०० मिमीच्या नव्या लाइनीची योजना मलाही हवी आहे, मनापासून हवी आहे. २०१९ मध्ये १६८० कोटींची मंजुरी, डिसेंबर २०२० मध्ये भूमिपूजन, पुढे खर्च २७४० कोटींवर गेला, उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला लक्ष घालावं लागलं. या सगळ्या वर्षांत जुन्या लाइनीबद्दल विचारलं की एकच ऐकू येतं, "आता नवी होतेय ना." घर बांधायला काढलं म्हणून गळकं छप्पर कोणी तसंच सोडतं का? पोरंबाळं त्याच छपराखाली झोपतात.

फुटेल तिथे ठिगळ लावणं बंद करा. जो पट्टा पुन्हा पुन्हा फुटतो तो सलग बदला. पाइपमधली हवा सोडणारे गळके एअर व्हॉल्व्ह बदला. पंपांचा वीजपुरवठा वारंवार तुटणार नाही, एवढं तरी पाहा. पाइपचे तुकडे आणि जॉइंटचं सामान आधीच रस्त्यालगत आणून ठेवा. मोठा शटडाउन घ्यायचाच असेल तर पावसाळ्यात घ्या आणि चार दिवस आधी सांगा. आम्ही भरून ठेवू, कुरकुर करणार नाही. न सांगता गेलेलं पाणी मात्र घराला फार महागात पडतं, विशेषतः घरातल्या बाईला.

चितेगाव, ढोरकीन, बिडकीन, फारोळा, या रस्त्याने रोज जाणाऱ्यांना माझी विनंती आहे. गळती दिसली तर जागा, तारीख आणि फोटो कमेंटमध्ये टाका. मी यादी करतोय. दोन आठवड्यांनी ती घेऊन पाणीपुरवठ्याच्या साहेबांकडे जाणार आहे, सोबत कोण येतंय ते सांगा.