पुसलं की निघतं

दिवाळीच्या तोंडावर घराला रंग काढायचा म्हटलं की सगळे शेडकार्ड घेऊन बसतात. मोतिया की बदामी, यावर घरात दोन पक्ष पडतात. फरशीवर काय अंथरायचं, हा प्रश्न मात्र कुणालाच पडत नाही. तो पडतो पहिल्या थेंबासोबत.

मी आधीच जुन्या चादरी मागितल्या. सासूबाईंनी माळ्यावरचं गाठोडं सोडलं आणि एकेक चादर हातात घेऊन पुन्हा घडी घालायला लागल्या. ही सोलापुरी, अजून धागा हललेला नाही. ही वन्संच्या बारशाची. हिला भोक आहे, पण ते कडेला आहे. सरतेशेवटी माझ्या वाट्याला उशीचा एक अभ्रा आला.

राहिली रद्दी. ती भिजली की फाटते आणि फरशीलाच चिकटते. म्हणून प्लास्टिक आणलं. प्लास्टिक रंग पीत नाही. थेंब वर ओलाच राहतो, त्यावर पेंटरचा पाय पडतो आणि तोच पाय पाणी प्यायला स्वयंपाकघरात जातो. खाली प्लास्टिक, वर कापड, कडेने टेप, हा खरा उपाय. कापडाचं काय झालं ते सांगितलंच.

मास्किंग टेप पाहून तर पेंटर दुखावलेच. "वहिनी, आपला हात साफ आहे. टेप कशाला?" रिचर्ड ड्र्यू नावाच्या अमेरिकन माणसाने १९२५ मध्ये ही टेप काढली ती दुरंगी गाड्या रंगवणाऱ्या कसलेल्या कारागिरांसाठीच, हे मी सांगणार होते. पण तोवर ते घोड्यावर चढले होते, आणि हातात रंगाचा डबा घेऊन डोक्यावर उभ्या असलेल्या माणसाशी वाद घालू नये.

थेंब निदान दिसतात तरी. पॉलिश पेपरने घासकाम सुरू झालं आणि पुट्टीची धूळ उठली. दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबलं, तरी ती कपाटात, कपाटातल्या डब्यात आणि डब्यातल्या साखरेत पोचली. सासरे चहाचा घोट घेऊन म्हणाले, "आज दूध चांगलं दिसतंय."

या सगळ्यावर पेंटरांचं पालुपद एकच, "पुसलं की निघतं." ओलं असताना निघतं, यात वाद नाही. पण पाण्यातला रंग बघता बघता वाळतो, आणि पूर्ण वाळला की त्याला पाण्याची भीती राहत नाही. मोझेकवर चरे पडू नयेत म्हणून मी मुदत संपलेल्या एटीएम कार्डाने ठिपके खरवडत बसले. शेजारच्या काकूंनी ॲसिड सुचवलं. मोझेक म्हणजे सिमेंट आणि संगमरवराची खडी. ॲसिड आधी तेच खाणार. काकूंना नुसता चहा देऊन वाटेला लावलं.

शेवटी पेंटरांनाच बोलावलं. ते उकिडवे बसले, एक ठिपका नखाने टोकरून पाहिला आणि गंभीरपणे मान हलवली.

"वहिनी, हे आता पुसून नाही निघायचं. माझा मेहुणा फरशीला पॉलिश मारतो. नंबर देऊ?"