सेकंडहँड रायफल आणि ऊसबिलाचा दुसरा हप्ता

आमच्या घरात बंदूक घ्यायचा निर्णय एका रानडुकरानं घेतला. मी फक्त सह्या केल्या.

भुदरगड तालुक्यात आमचा वडिलोपार्जित दीड एकर ऊस आहे. राहायला कोल्हापुरात, नोकरी पतसंस्थेत आणि शेती रविवारची, मोटारसायकलवरून. त्या रविवारी गेलो तर फडाच्या मधोमध ऊस असा लोळवलेला, की रात्री तिथं खासबागेतली निकाली कुस्ती झाली असावी. सगळा ऊस खाल्ला असता तरी एवढं वाईट वाटलं नसतं. पण डुकरानं एक ऊस पाडायचा, दोन कांड्या चघळायच्या आणि पुढच्याकडं वळायचं. जावळाला येऊन प्रत्येक भाजीला नाव ठेवणाऱ्या पाव्हण्यासारखं.

आमचे चुलते तात्या बांधावर उभे होते. म्हणाले, "रायफल घे."

"परवा तर खत घे म्हणालासा."

"खतानं डुक्कर पळतंय व्हय?"

तात्यांनी जन्मात उंदरापलीकडं काही मारलेलं नाही, आणि तोही पिंजऱ्यात घालून. पण शिकारीच्या गप्पांत त्यांचा हात धरणारा तालुक्यात नाही. मी म्हटलं, तात्या, शिकार १९७२ च्या कायद्यानं बंद आहे. रानडुकराला हात लावायचा तरी वनखात्याची परवानगी लागते आणि गव्याचं तर नावच काढायला नको. तात्या म्हणाले, "मारायचं कोण म्हणतंय? आवाज काढायचा. एक बार टाकला की पळत्यात."

"मग सुतळी बॉम्ब आणू की."

"सुतळी बॉम्बला दरारा न्हाई."

इथं मी हरलो. कोल्हापुरी माणसाला दराऱ्याचा मुद्दा कुणी घातला, की त्याचं अर्थशास्त्र पंचगंगेत वाहून जातं.

बजेट ३५,००० रुपये. त्यात ऊसबिलाचा दुसरा हप्ता (जाहीर झालेला, न आलेला) आणि दिवाळीचा दूध-फरक (आलेला, पण बायकोच्या खात्यावर). नवी रायफल या पैशात दुकानदार हातातसुद्धा देत नाही, म्हणजे सेकंडहँड आली. बायको म्हणाली, "अहो, तेवढ्यात नवा फ्रिज येतोय. आणि फ्रिजला लायसन लागत न्हाई."

लायसनबद्दल थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर सांगायला मी तेवढा बरा झालेलो नाही. अर्ज भरला, फोटो दिले, सात-बारा जोडला. शेत अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत येतंय का, यावर दोन टेबलं महिनाभर बोलत राहिली. आत येत असेल तर थेट मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती लागते. रस्त्यानं भरपूर लांब होतं, पण कायदा रस्त्यानं जात नाही म्हणे. शेवटी आलं एकदाचं बाहेर. मग डॉक्टर. त्यांनी विचारलं, "राग येतो का?" मी तिसऱ्यांदा रांगेत उभा होतो, तरी "नाही" म्हणालो. चौकशीला हवालदार घरी आले, दोन कप चहा घेतला आणि शेजाऱ्यांना विचारलं, माणूस कसा आहे. शेजारी म्हणाला, "सायेब, ह्यो बायकोला इचारल्याबिगर कुकरची शिट्टी बी काढत न्हाई." माझ्या फाइलमधला सगळ्यात वजनदार कागद तोच असणार.

बंदूक हाताळण्याचं प्रशिक्षणही सक्तीचं असतं. शिकवणाऱ्यानं पहिल्याच दिवशी सुनावलं, "ह्याच मातीत २०१० साली जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत घडली. एशियाडचं सोनं आणणारी राही सरनोबत इथलीच." मग माझी गोळी लक्ष्याला सोडून मागच्या मातीच्या ढिगाऱ्यात कुठं गेली ते बघून पुढं म्हणाला, "मातीचा दोष न्हाई."

लायसन हातात पडलं तोवर दोन उन्हाळे गेले होते. आता बंदूक शोधायची.

सेकंडहँड बंदुकीची जाहिरात नसते, कुजबुज असते. तालमीत एक सांगतो, त्याच्या मेव्हण्याच्या सासऱ्याकडं आहे. तुम्ही जाता तर सासरे वारलेले असतात, बंदूक पोलिसात जमा आणि वारस कोर्टात. एकदा एका पठ्ठ्यानं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "भावा, बिनकागदाची चालंल का? निम्म्या पैशात." मी तिथून जो सटकलो तो थेट रंकाळ्यावर जाऊन बसलो. निम्म्या पैशात बंदूक आणि उरलेल्या निम्म्यात वकील, असा तो सौदा होता.

सगळ्यात दुःख याचं की बाजार एकदा पडला होता आणि मी झोपलो होतो. पूर्वी एका माणसाला तीन हत्यारं ठेवता यायची. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं ती दोनवर आणली. ज्यांच्याकडं तीन होती त्यांना एक सोडावी लागली. त्या वर्षी मी काय घेतलं? मिक्सर.

पहिली बंदूक बघायला एका जुन्या वाड्यात गेलो. मालकांनी ती जाजमात गुंडाळून आणली. बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) दुनळी, बाहेर घोडे असलेली, बर्मिंगहॅमची. नळीवर लाटांसारखी नक्षी. "पणजोबांनी वाघ मारलाय हिनं," मालक म्हणाले. हे ऐकायची सवय ठेवावी लागते. कोल्हापुरात विकायला निघालेल्या प्रत्येक बंदुकीनं किमान एक वाघ मारलेला असतो. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात भुसा भरलेले वाघ आहेत, ते एक वेळ समजू शकतो. राजघराण्यानं दाजीपूरचं जंगलच शिकारीला राखलेलं. पण ह्या हिशोबानं सह्याद्रीत एवढे वाघ होते तर आपले पणजोबा जगले कसे?

तात्यांनी नक्षीवरून बोट फिरवलं आणि मान डोलावली. नंतर कळलं ते असं: ती डमास्कस नळी. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, वेटोळं करून, ठोकून जोडलेली. दिसते देखणी, पण ती काळ्या दारूच्या जमान्यातली. आजचं काडतूस घातलं तर जोर सोसवेलच असं नाही, आणि नळी फुटते ती डाव्या हाताशी. मी ती उघडून दिव्याकडं धरली. उजवी नळी आरपार. डावीत अंधार. फुंकर मारली तर आतून एक कोळी बाहेर आला, नळीच्या तोंडावर थांबला, त्यानं आम्हा तिघांकडं नीट बघितलं आणि परत आत गेला.

"तेवढा काढून दिऊ," मालक म्हणाले.

तसंही ती घेता आली नसतीच. अर्जात तात्यांनी दराऱ्यापोटी 'रायफल' लिहिलं होतं, म्हणून लायसनवर रायफलच आली. बारा बोअर म्हणजे गुळगुळीत नळीची बंदूक. कागद तिला रायफल मानत नाही. फॉर्म तात्यांच्या हातात का दिला, हा प्रश्न बायको अजून विचारते.

शेवटी मिळाली ती एका निवृत्त सुभेदारांकडं. ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली तीनशे पंधरा बोअरची रायफल. इंग्रजांनी फौजेच्या बोअरची हत्यारं सामान्य माणसाच्या हातात जाऊ दिली नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी हा वेगळा बोअर ठेवला. बाकी अंगकाठी सगळी जुन्या फौजी थ्री-नॉट-थ्रीची, सख्खी नाही तरी चुलत बहीण. सुभेदारांचा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरवर, त्याला बंदूक नको. सुभेदारांचे गुडघे गेलेले. पण त्यांना विकायची होती असंही म्हणता येणार नाही. त्यांना ती द्यायची होती, आणि त्यात फरक आहे हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं.

"दारू?"

"न्हाई."

"तंबाखू?"

"कधीमधी."

"घरात ओल किती येते?"

मी बायकोच्या मावशीला लग्नाआधी दिली नव्हती एवढी खरी उत्तरं दिली. मग त्यांनी बोल्ट, म्हणजे गोळी आत सारणारा दांडा, काढून बाजूला ठेवला, नळी पुसायच्या दोरीला, म्हणजे पुल-थ्रूला, 'फोर बाय टू'ची चिंधी लावली, दोरी नळीतून ओढली आणि चिंधी माझ्या नाकाखाली धरली. पांढरी. "बघा आता." मी डोळा लावला. नळीच्या आत पेच वळत वळत उजेडाकडं गेले होते, आणि टोकाला एक रुपयापेक्षा लहान, स्वच्छ गोल आभाळ. खोटं कशाला सांगू, फ्रिजचं दार उघडल्यावर असं काही होत नाही.

त्यांनी ६०,००० सांगितले. मी २५,००० म्हटलं. ते उठून आत गेले. मला वाटलं संपलं, पण ते चहा घेऊन आले. तासाभरानं ३४,००० आणि दहा किलोचा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, असं ठरलं. गुळाचा रवा त्यांच्या बायकोनं घातला सौद्यात.

पैसे दिले म्हणजे बंदूक आपली, असं फक्त ज्याला बंदूक घ्यायची नाही त्याला वाटतं. खाजगी मालकानं विकायची तर आधी लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं. ते ४५ दिवस सुभेदारांनी मला रोज फोन केला. पंचेचाळिसावा दिवस उलटला, नोंदी झाल्या, आणि २०२४ च्या मार्चात, बारा तारखेला, रायफल घरी आली. काडतुसं घ्यायला गेलो, तर एक गोळी म्हणजे दोन प्लेट मिसळ, जादा पाव धरून. तात्यांचा "एक बार टाकायचा" हा कार्यक्रम मी मनातल्या मनात दिवाळीपर्यंत पुढं ढकलला.

सोळा मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली.

निवडणुकीपुरती हत्यारं पोलिसात जमा करायच्या यादीत आमचं नाव होतं. रायफल घरात चार दिवस राहिली, त्यातले दोन बायकोनं तिला कपाटामागं ठेवून वर चादर घातली होती. जूनमध्ये परत मिळाली. जून ते ऑक्टोबर ती घरी आणि डुकरं शेजारच्याच्या भुईमुगात. ऑगस्टात राधानगरीच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला रायफलीत ब्राँझ मारलं. तात्यांचा लगेच फोन. "बघ, शेजारच्या तालुक्याचं पोरगं. आणि तुझी रायफल कपाटामागं!" १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, रायफल पुन्हा पोलीस ठाण्यात, आणि त्याच आठवड्यात डुकरं उसात परतली. त्यांना कुणी कळवतं का, हे मी बघणार आहे.

नोव्हेंबरात एका सकाळी सुभेदार दारात हजर. हातात तेलाची बाटली, खिशात चिंधी. "तुमच्यात दिली, पण बघायला नको का? ठाण्याच्या खोलीत ओल आस्ती." मी म्हटलं, असं कुणी आत सोडत नाही. पण ठाण्यातले हवालदार त्यांच्या गावचे निघाले. रायफल बाहेर आली, पावती दोनदा तपासली आणि व्हरांड्यातल्या बाकावर त्यांच्या देखत सुभेदारांनी बोल्ट काढला. चिंधी ओढली. तांबूस निघाली. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी तिला सासुरवास करतोय.

पाच चिंध्यांनंतर पांढरी आली. "घ्या, बघा," ते म्हणाले.

मी नळी उचलून आवाराकडं धरली आणि डोळा लावला. तेच पेच, आणि टोकाला आभाळाऐवजी जप्त केलेल्या मोटारसायकली. त्यांच्या मधून काहीतरी काळं, केसाळ, निवांत हललं. गावातलंच असणार, उकिरड्यावरचं. ते नेमकं गोलाच्या मधोमध येऊन थांबलं आणि जमीन हुंगायला लागलं.

"काय दिसतंय?" सुभेदारांनी विचारलं.

"डुक्कर."

हवालदारांनी चहाचा कप खाली ठेवला आणि बाकावर ठेवलेला बोल्ट हळूच आपल्याकडं ओढून घेतला.