३५ डॉलरच्या लोगोची अर्धवट गोष्ट

गेल्या महिन्यात एका मिठाईच्या दुकानदाराला लोगोचं कोटेशन पाठवलं. त्यावर हो-नाही काहीच न बोलता त्यांनी एक फॉरवर्ड पाठवला. तुमच्याही ग्रुपवर तो फिरून गेला असेल: 'नायकीचा लोगो एका कॉलेजच्या मुलीने पाच मिनिटांत काढला. कंपनीने तिच्या हातावर ३५ डॉलर टेकवून तिला फसवलं. नायकी या ग्रीक देवतेच्या पंखावरून सुचलेल्या त्या लोगोत पन्नास वर्षांत एक रेषसुद्धा बदललेली नाही.' हा मेसेज वर्षातून दोन-तीनदा तरी मला कुणीतरी पाठवतंच, आणि दर वेळी तो पैसे कमी करायलाच वापरला जातो. म्हणून एकदा नीट उत्तर देतो.

आधी पाच मिनिटांचं बघू. कॅरोलिन डेव्हिडसन पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीत ग्राफिक डिझाइन शिकत होती. फिल नाइट तिथे अकाउंटिंग शिकवायचा आणि जोडीला ब्लू रिबन स्पोर्ट्स ही त्याची कंपनी (हीच पुढे नायकी झाली) जपानहून ओनित्सुका टायगरचे बूट आणून विकायची. ऑइल पेंटिंगचं सामान परवडत नाही, असं ती कुणाला तरी सांगत होती, ते त्याच्या कानावर पडलं. त्याने तिला तक्ते, आलेख काढायचं काम दिलं, तासाला २ डॉलर. १९७१ मध्ये स्वतःचे बूट काढायचं ठरल्यावर बुटाच्या बाजूला लावायचं चिन्हही तिच्याकडेच मागितलं. वेग दिसला पाहिजे आणि आदिदासच्या तीन पट्ट्यांसारखं वाटता कामा नये, एवढी अट. आता ३५ ला २ ने भागा. साडेसतरा तास होतात. बुटाचं चित्र खाली ठेवून वर पातळ टिश्यू पेपर धरायचा, त्यावर आकार काढायचा, नाही जमला की नवा कागद, असं ते काम चाललं. बुटाच्या वळणावर ती रेष इतकी चपखल का बसते, याचं उत्तर त्या कागदाखालच्या बुटात आहे. कोऱ्या कागदावर, बुटाकडे न बघता, ती तशी आली नसती.

फसवणूक म्हणावी, तर दर आधीपासून ठरलेला होता, आणि अमेरिकेत तेव्हा कायद्याने किमान मजुरी तासाला १.६० डॉलर होती. तरीही अशा कामाला ३५ डॉलर कमीच, हे मी मोकळेपणाने म्हणतो. पण गोष्ट तिथे थांबत नाही आणि फॉरवर्ड नेमका तिथेच थांबतो. डेव्हिडसनने पुढेही काही वर्षं कंपनीसाठी जाहिराती, पोस्टर्स केली. कंपनी १९८० मध्ये शेअर बाजारात आली, आणि १९८३ मध्ये तिला बोलावून हिरा जडवलेली, त्याच खुणेची सोन्याची अंगठी आणि कंपनीचे शेअर दिले गेले. ते पुढे अनेकदा दुप्पट झाले. उशिरा का होईना, मोल केलं गेलं.

पंखाचं थोडक्यात. नाइटने सांगितलेल्या हकीकतीत चिन्ह आधी पक्कं झालं आणि नाव नंतर सुचलं, तेही जेफ जॉन्सन या कर्मचाऱ्याला. नाइटच्या मनात 'डायमेन्शन सिक्स' होतं. मग देवतेचा पंख बघून चिन्ह काढलं, हे कसं जुळायचं?

'एक रेषही बदलली नाही' हे मात्र मला सर्वांत जास्त खटकतं, कारण शिकण्यासारखं सगळं त्या बदलातच आहे. १९७१ चा लोगो शोधून बघा. खुणेची नुसती बाह्यरेषा आहे आणि तिच्यावरून लहान लिपीतलं वळणदार 'नायकी' आडवं गेलंय. अक्षरं आणि रेष एकमेकांच्या अंगावर आल्यासारखी वाटतात, लांबून दोन्ही धड दिसत नाहीत. १९७८ मध्ये खूण भरीव झाली, नाव ठळक मोठ्या अक्षरांत तिच्या डोक्यावर जाऊन बसलं. पुढे १९८५ च्या सुमारास हे सगळं चौकोनात घातलं गेलं. आणि १९९५ मध्ये नाव काढूनच टाकलं, एकटी खूण उरली.

म्हणजे ती खूण नावाशिवाय उभी राहायला चोवीस वर्षं लागली. मधल्या काळात बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनच्या नावाचे बूट आले, १९८८ ची 'जस्ट डू इट' ही जाहिरातीची ओळ आली, कित्येक खेळाडूंनी ती खूण पायात घालून शर्यती जिंकल्या. पहिल्यांदा बघितल्यावर नाइट म्हणाला होता, 'मला काही फार आवडलेलं नाही, पण हळूहळू आवडेल.' ते आवडणं चिन्हात आयतं नव्हतं, वर्षानुवर्षांच्या वापराने आलं. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर धोनीने तो षटकार मारला, तेव्हा निळ्या जर्सीवर छातीशी तीच खूण होती. खाली नाव लिहायची गरज कुणालाच वाटली नाही. १९७१ मध्ये नाव न लिहिता ती छापली असती, तर गणिताच्या वहीतली 'बरोबर'ची खूण म्हणून लोकांनी सोडून दिली असती.

हे सगळं मी त्या दुकानदारांनाही कळवलं. कोटेशनचा आकडा तोच ठेवलाय. फक्त बोर्ड, खोका आणि पिशवी, प्रत्येकाला किती तास लागतील, ते आता वेगवेगळं लिहून दिलंय.