रुमाल तयार ठेवा: पॅरालिम्पिक दाखवायची सोपी पद्धत

अभिनंदन! तुमच्या चॅनलला पॅरालिम्पिकचे हक्क मिळालेत आणि आता नेमकं काय करायचं ते कुणालाच माहीत नाहीये. टेन्शन घेऊ नका. खेळ कळायची अजिबात गरज नाही, उलट कळला तर अडचणच होते.

पहिलं म्हणजे लाइव्हच्या भानगडीत पडूच नका. आदर्श ठेवायचा तर २०१२ चा ठेवा. लंडनला स्पर्धा चालू होती, ब्रिटनमध्ये चॅनल फोर दिवसरात्र तेच दाखवत बसलं होतं, आणि तिकडे अमेरिकेत एनबीसीने टीव्हीवर एक मिनिटही लाइव्ह न दाखवता एकेका तासाचे चार हायलाइट्स आणि सगळं आटोपल्यावर दीड तासाचा एक स्पेशल, अशा साडेपाच तासांत अख्खं पॅरालिम्पिक उरकलं. याला म्हणतात आटोपशीरपणा. (पुढे त्यांनीही कच खाल्ली, टोकियोला सगळे प्लॅटफॉर्म मिळून १२०० तास दाखवले म्हणे. जाऊ द्या.)

आता मुख्य काम, म्हणजे स्टोरी. प्रत्येक खेळाडूमागे एक अपघात असतो, तो शोधा. जन्मापासूनच असेल तर आई शोधा. मागे पियानो, मग स्लो मोशनमध्ये चाक किंवा ब्लेड (पायाच्या जागी लावतात ती वाकडी पट्टी), चेहरा सगळ्यात शेवटी. शंभर मीटरची फायनल अकरा-बारा सेकंदांत संपते, त्यामुळे व्हीटी, म्हणजे आधी दाखवायची रेकॉर्ड केलेली स्टोरी, निदान चार मिनिटांची हवी, नाहीतर प्रेक्षक रडायच्या आधीच रेस संपून जाईल. आणि जर्मनीचा ब्लेडवाला मार्कस रेम लांब उडी मारायला आला तर पाय कसा गेला तेवढंच सांगा. २०२१ च्या जूनमध्ये तो ८.६२ मीटर गेला आणि दोनच महिन्यांनी टोकियो ऑलिम्पिकचं गोल्ड ८.४१ वर गेलं, हे चुकूनही बोलू नका. लोक लगेच विचारतात की मग त्याच्या ब्लेडचा फायदा होतो का, होत असेल तर किती, आणि मग तुम्हाला अभ्यास करावा लागतो.

क्लासिफिकेशनचं, म्हणजे अपंगत्व कुठलं आणि किती ते बघून खेळाडूंचे गट पाडण्याचं, तर नावच काढू नका. स्क्रीनवर टी ११, एस ६, एफ ४६ असं काहीतरी येईल, येऊ द्या, लोकांना वाटेल लॉकरचे नंबर आहेत. चॅनल फोरने लंडनच्या वेळी लेक्सी नावाची ग्राफिक्स काढून कुठल्या गटात कोण आणि का ते समजावून सांगितलं होतं, कल्पना जाइल्स लाँग नावाच्या पॅरालिम्पिक जलतरणपटूचीच. केवढी ही चूक! एकदा का लोकांना गट कळले की ते एलबीडब्ल्यूवर भांडतात तसे भांडायला लागतात, हा त्या गटात कसा, याला वर ढकला, आणि मग सहानुभूती कोण देणार?

व्हीलचेअर रग्बी त्यातल्या त्यात सोपी. खुर्च्या आपटतात, आवाज मोठा, आपटणं दाखवा की झालं. प्रत्येक खेळाडूला ०.५ ते ३.५ असे पॉइंट असतात (हालचाल जितकी जास्त तितके पॉइंट जास्त), कोर्टवरच्या चौघांची बेरीज ८ च्या वर चालत नाही (टीममध्ये बाई असेल तर थोडी सूट), म्हणजे कोचचं डोकं सगळं त्या बेरजेतच अडकलेलं असतं, पण ते सोडा. कमी पॉइंटवाल्याच्या खुर्चीला पुढे बंपर असतो, तो समोरच्याच्या चाकात अडकवून हा पठ्ठ्या त्याला जागच्या जागी धरून ठेवतो आणि तेवढ्यात ३.५ वाला मोकळा सुटून गोल करतो. कॅमेरा बॉलवरच ठेवा. गोल करणारा दिसला म्हणजे पुरे, ज्याच्यामुळे गोल झाला तो फ्रेमबाहेरच बरा.

गोलबॉल आणि ब्लाइंड फुटबॉलला एक वेगळाच वैताग आहे, दोन्हीकडे खेळाडूंना दिसत नाही, बॉलमधला आवाज ऐकून खेळतात, म्हणून खेळ चालू असताना स्टेडियम गप्प. टीव्हीवर अशी शांतता म्हणजे लोकांना वाटणार सेट-टॉप बॉक्स गेला. कॉमेंटेटरला सांगा, बोलत राहा, शब्द संपले की 'अदम्य' म्हण, पुन्हा संपले की 'जिद्द'.

बोचिया, म्हणजे पांढऱ्या बॉलच्या जास्तीत जास्त जवळ आपला बॉल टाकायचा खेळ, कापा. त्यात विचार करावा लागतो.

कधीकधी मात्र खेळच हातातून निसटतो. पॅरिसला २०२४ मध्ये मॅरेथॉनच्या टी १२ या दृष्टिदोष असलेल्यांच्या गटात स्पेनची एलेना काँगोस्त तिसरी येत होती, शेवटच्या काही मीटरवर तिला वाट दाखवत सोबत पळणाऱ्या गाइडचा तोल जायला लागला, तिने त्याला सावरायला दोघांना जोडणारी दोरी क्षणभर सोडली, आणि डिसक्वालिफाय. ब्राँझ जपानच्या मिसातो मिचिशिताला. आता यात नियम बरोबर की चूक, जपानच्या धावपटूवर अन्याय झाला असता का, असा अर्धा तास मस्त वाद रंगला असता, अगदी कुठल्याही खेळात रंगतो तसा. तुम्ही रंगवू नका. दोरी सुटतानाची क्लिप, पियानो, 'माणुसकी जिंकली', पुढची बातमी. माणुसकीचं मेडल तिला मिळालं का, असं कोणी विचारत नाही.

मुलाखतीचे प्रश्न आधीच छापून घ्या: कसं वाटतंय, आईला काय सांगाल, तरुणांना काय संदेश द्याल. चौथा आलेला एखादा तापट गडी निघतोच, स्टार्टच खराब झाला, तिसऱ्या लेनवाल्याने मला खाल्लं, कोचला मी दहादा सांगितलं होतं, असं भडाभडा बोलायला लागतो. खांद्यावर हात ठेवून म्हणा, 'आमच्यासाठी तुम्हीच विजेते!' तरी थांबला नाही तर ब्रेक घ्या.